जुनी जीप, घरचा पाना

पंधरा-वीस वर्षं चाललेली बोलेरो, सुमो, ट्रॅक्स किंवा स्कॉर्पिओ ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना दरवर्षी एकदा तरी हिशेब मांडावा लागतो. गाडी ठेवायची की काढायची? ठेवायची तर तिचं काम कोण करणार? कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब, खर्चाचा आकडा आधी कळत नाही, आणि गावातल्या गॅरेजवर आधीच चार गाड्या रांगेत असतात. मग पाना आपणच हातात घ्यायचा का? घेतला तर कुठपर्यंत चालवायचा?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या सोयगाव तालुक्यात हा प्रश्न हौसेचा नाही. जिल्ह्याचं ठिकाण घाट चढून गेल्यावर येतं आणि बाजाराचा ओढा पाचोरा-जळगावकडे असतो. रात्री दवाखाना गाठायचा असो, कपाशीच्या वेचणीला माणसं न्यायची असोत की लग्नाचं वऱ्हाड, जुनी जीप इथं रोजच्या जगण्यात धरलेली असते. ती बंद पडली की घरातली निम्मी कामं अडतात.

या आढाव्यात सगळ्या कामांना एकच कसोटी लावली आहे. काम सोपं की अवघड, हे नंतर बघू. आधी विचारायचं: हे काम चुकलं, तर गाडी थांबेल, की थांबणारच नाही? ज्या चुकीनं गाडी फक्त बंद पडते, ते काम मालकानं शिकून घ्यावं. ज्या चुकीनं गाडी उतारावर आवरेनाशी होते, ते जाणत्याच्या नजरेखाली करावं. आणि काही कामांत चूक गाडीच्या आधी आपल्या हाताला भोवते. ती ज्याची त्यालाच करू द्यावीत.

या गाड्या इथं रुजल्या कशा

देशातल्या जीपचा इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडला. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसची जीप भारतात आणली. पुढे कमांडर, मार्शल, १९९३ची आर्माडा, २००० सालची बोलेरो आणि २००२ची स्कॉर्पिओ अशी ही मालिका वाढत गेली. यातल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओचं नातं नाशिकच्या कारखान्याशी आहे. पुण्यातून बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. टाटांची सुमो १९९४ साली बाजारात आली. तिचं नाव टाटांच्या टेल्को कंपनीच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून ठेवलेलं. १९९८ मध्ये सफारी आली. २००० ते २००५ या काळात क्वालिसनं आणि २००४ पासून तवेरानं लांबच्या भाड्याच्या धंद्यात जम बसवला.

मराठवाड्यात आणि खानदेशात या गाड्यांचं दुसरं रूप म्हणजे काळी-पिवळी. जिथं एसटीच्या फेऱ्या तुटपुंज्या, तिथं कमांडर, मार्शल आणि ट्रॅक्स माणसं भरून धावत राहिल्या. या धंद्यानं एक मोठं काम नकळत केलं: फाट्याफाट्यावर डिझेल इंजिन उघडून बसवणारे मिस्त्री तयार झाले. घरच्या वापराच्या जुन्या जीपला आज जो आधार आहे, तो याच कारागिरीचा.

शेतकऱ्याला या गाडीची भीती वाटत नाही, याला एक ठोस कारण आहे. महिंद्राच्या बऱ्याच जुन्या जीपमधलं डिझेल इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाच्या घराण्यातलं. ज्यानं शेतात उभ्या ट्रॅक्टरची हवा काढली आहे, त्याला जीपचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचंच दिसतं: हातानं दाबायचा डिझेलचा छोटा पंप, दोन फिल्टर, चार नोझल, आणि बाजूला ज्याला सगळे अजूनही ‘मायको पंप’ म्हणतात तो मुख्य पंप. ट्रॅक्टरनं दिलेलं हे शिक्षण फार मोलाचं आहे.

घाट, ऊन आणि माती

कुठल्याही गाडीची देखभाल पुस्तकातल्या किलोमीटरवर ठरते, पण ती कुठं चालते यावर त्याहून जास्त ठरते. सोयगावच्या गाडीला तीन गोष्टी झिजवतात.

पहिली म्हणजे घाट. संभाजीनगर-जळगाव रस्ता फर्दापूरजवळ अजिंठा घाटानं उतरतो. सिल्लोडकडून सोयगावला यायचं तर वेताळवाडीच्या किल्ल्याजवळचा हळदा घाट आहे. चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात. सपाट मुलखात जी गाडी वर्षभर तक्रार करत नाही, तिची कमजोरी घाटात एका फेरीत उघडी पडते.

दुसरं ऊन. घाटाखालचा हा पट्टा हवामानानं खानदेशाशी जोडलेला. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. अशा हवेत रेडिएटर, बॅटरी, रबरी नळ्या आणि टायर यांचं आयुष्य घटतं.

तिसरी धूळ आणि चिखल. शेतरस्त्यावरची धूळ एअर फिल्टरमध्ये जाते, कपाशीच्या हंगामात उडणारा कापूस आणि काडीकचरा रेडिएटरच्या जाळीत अडकतो, आणि पावसाळ्यात काळी माती चाकांच्या आतल्या बाजूला, जॉइंटवर, ब्रेकच्या ड्रमवर थापली जाते. वाळलेला हा थर ओलावा धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो.

म्हणून इथल्या मालकानं वेळापत्रक स्वतःचं बनवावं. पावसाळा संपला की चॅसिस आणि खालची बाजू धुऊन ग्रीसिंग करायचं, कपाशीची वेचणी उरकली की एअर फिल्टर आणि रेडिएटर बघायचा, आणि होळीच्या आधी कूलंट, बेल्ट आणि नळ्या. शेतीचं वर्ष ज्याला पाठ आहे, त्याला हे लक्षात ठेवायला वेगळी आठवण लागत नाही.

मालकानं स्वतः करायची कामं

*इंजिन ऑईल.* हे पहिलं आणि सगळ्यांत फायद्याचं काम. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन कोमट असताना ऑईल काढायचं, फिल्टर बदलायचा, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकायचा. जुन्या डिझेल इंजिनांना बहुधा १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल चालतं, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला ग्रेड बघूनच घ्यावं. काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. जास्त भरलेलं ऑईलही सील फोडतं. काढलेलं ऑईल नीट बघणं हा या कामाचा खरा लाभ. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलरकडे बोट जातं. चकाकणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग झिजताहेत. गॅरेजमध्ये हे ऑईल आपल्या नजरेआड डब्यात जातं आणि त्यातली बातमीही जाते.

*एअर फिल्टर.* धुळीच्या रस्त्यावर पुस्तिकेतल्या निम्म्या अंतरातच तो बघावा. कागदी फिल्टर जोराच्या हवेनं उलटसुलट झोडपला की त्याला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. बाहेरून झटकणं ठीक, पण काळवंडला की बदलणंच स्वस्त. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या नळीच्या क्लिपा सैल असतील तर नवा फिल्टरही कामाचा नाही.

*डिझेल फिल्टर आणि हवा काढणं.* डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइन हवा धरते आणि गाडी चालू होत नाही. जुन्या पंपाच्या गाडीत उपाय सरळ आहे: फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. फिल्टरच्या तळाला पाण्याचा ड्रेन असेल तर तो पावसाळ्यात अधूनमधून उघडावा. ड्रम-कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण डिझेलमधलं पाणी पंप आणि नोझल दोन्ही गंजवतं.

*कूलिंग.* घाटाखालच्या गाडीचं मरण बहुतेक वेळा तापण्यातून येतं, म्हणून या कामावर थोडं थांबू. रेडिएटरचं झाकण साधं झाकण नसतं. ते दाब धरतं. सुमारे ०.९ बार दाबाच्या झाकणामुळे पाणी १०० ऐवजी जवळपास ११८ अंशांना उकळतं, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. झाकणाचं रबर चिरलं की हा फायदा संपतो आणि गाडी घाटात उकळते. अशा वेळी लोक रेडिएटर बदलतात आणि झाकण तेच ठेवतात. बोअरचं जड पाणी घातलं तर आत क्षारांचा थर बसतो आणि नळ्या बुजतात. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, हाच नेम ठेवावा. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारावं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं निघून जातो.

आपल्याकडे एक सवय फार पसरली आहे: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. त्यानं इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत पाण्याची आडवाट उघडी राहिल्यानं गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून तो उघडतो का, हे घरच्या चुलीवर तपासता येतं. बिघडला असेल तर नवा टाकावा. जागा रिकामी ठेवू नये. आणि तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचं पाणी उसळून तोंड-हात भाजल्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात.

*बॅटरी आणि वायरिंग.* साधा मल्टिमीटर घरात असावा. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर आल्टरनेटर ठीक. जुन्या गाडीत ‘सेल्फ उचलत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा बॅटरीत नसून गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा इंजिन-चॅसिसच्या अर्थिंगच्या पट्टीत असतं. ती घासून आवळली की सेल्फ जोमानं फिरतो. काम करताना आधी निगेटिव्ह काढायचा, जोडताना शेवटी लावायचा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा गावातल्या गाड्यांचा कायमचा रोग. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडलं तरी तो वेळेत दिसतो.

*ग्रीसिंग.* प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, कमानपाट्यांच्या शॅकल पिना, जुन्या जीपचे स्टिअरिंगचे सांधे: जिथं निपल आहे तिथं ग्रीसगन लावायची आणि जुनं, माती मिसळलेलं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबायचं. याला कौशल्य लागत नाही, आडवं पडायची तयारी लागते. गाडीखाली पडल्यावर इतर गोष्टीही आपोआप दिसतात: ओला झालेला शॉकअप, तुटलेला पाटा, गळणारं हाऊजिंग, चिरलेलं बुश.

हे सारं करायला मोठं हत्यारघर लागत नाही. रिंग आणि फिक्स पान्यांचा संच, गोटी पाने, पक्कड, चांगले स्क्रू ड्रायव्हर, ग्रीसगन, मल्टिमीटर, जॅक आणि दोन भक्कम लोखंडी स्टँड. यातले स्टँड लोक सर्वांत शेवटी घेतात, खरं तर ते सर्वांत आधी घ्यावेत. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅकचं सील बसलं की ती सरळ खाली येते. विटांचा थर तर त्याहून वाईट. वीट सावध न करता फुटते.

जाणत्याच्या नजरेखाली करायची कामं

इथून कसोटी दुसऱ्या बाजूला झुकते. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकं यांत चूक झाली तर गाडी थांबणार नाही.

मालकानं या भागांची तपासणी जरूर करावी. चाक उचलून वरखाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवून खेळ दिसला तर टायरॉडचे सांधे. ब्रेकच्या पेडलावर पाय दाबून धरला आणि ते हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर. तपासणीत चूक झाली तर नुकसान नाही. म्हणून ती आपली.

दुरुस्ती मात्र पहिल्या काही वेळा मिस्त्रीच्या शेजारी बसून, त्याला दाखवून करावी. ब्रेक ऑईलचं उदाहरण घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट-३ ऑईल २०५ अंशांना आणि डॉट-४ हे २३० अंशांना उकळतं. ओलावा शोषल्यावर तेच अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येतं. अजिंठा घाट उतरताना सतत दाबलेले ब्रेक एवढे सहज तापतात. ऑईल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलणं ही चैन नव्हे. ते बदलताना लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तोच धोका, आणि म्हणूनच दुसऱ्या माणसाची नजर हवी. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ड्रायव्हर लोकांचा जुना नियम याच शास्त्रावर उभा आहे.

जुने ब्रेक लायनर उघडताना धूळ हवेच्या नळीनं किंवा तोंडानं फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसावं.

चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमानं आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर उन्हात आतून सुटतो.

जास्त माल-माणसं बसावीत म्हणून एक-दोन पाटे वाढवण्याची रीत इथं सर्रास आहे. पाटे वाढले की गाडी वजन पेलते, पण ब्रेक, टायर आणि हाऊजिंग तेच राहतात. वाढवलेलं वजन उतारावर थांबवायला गाडीत काहीच वाढलेलं नसतं. हे काम सोपं आहे, मिस्त्री तासाभरात करून देतो. तरीही ते करू नये.

हात न लावायची कामं

डिझेल पंप आणि नोझल उघडणं हे त्यात पहिलं. त्यांचे भाग मायक्रॉनच्या मापात बसवलेले असतात आणि तपासायला टेस्ट बेंच लागतो. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी दोन दिवस जोरात पळते, काळा धूर सोडते, आणि नंतर पिस्टन जाळते.

२००५ नंतरच्या अनेक गाड्यांत कॉमन रेल पद्धत आली. स्कॉर्पिओ, सफारी, पुढच्या काळातली बोलेरो, सगळ्यांत. इथं रेलमधला दाब १,००० बारच्या पुढे जातो. इंजिन चालू असताना लाइनचा नट ढिला करून हवा काढायची जुनी सवय इथं जिवावर बेतते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा.

या गाड्यांत मालकाच्या हाती दुसरं साधन आलं आहे. २०१३ पासून गाड्यांत दोष नोंदवणारी संगणक यंत्रणा बंधनकारक झाली; छोट्या स्कॅनरनं मोबाइलवर दोषाचा क्रमांक वाचता येतो. क्रमांक हा रोगाचं नाव नसून लक्षण असतं. सेन्सरचा दोष दिसला की सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि जोड तपासावा. गॅरेजला जाताना हा क्रमांक लिहून नेला तर बोलणं नेमकं होतं.

गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायमिंग आणि हेडचं काम याच वर्गात. पण केव्हा न्यायचं, हे धुरावरून मालकाला कळलं पाहिजे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर गाडी तिथंच बंद करून टोचन लावावं. त्याच गाडीनं आणखी पन्नास किलोमीटर रेटले तर गॅस्केटचं काम हेडच्या कामात बदलतं.

सुटे भाग: मिळतात कुठं, ओळखायचे कसे

जुन्या गाडीचा जीव तिच्या सुट्या भागांत असतो. सुमोचं उत्पादन २०१९ साली थांबलं, क्वालिस त्याआधीच गेली. बोलेरो अजून बनते आहे, म्हणून तिच्या मालकाला चिंता कमी. बाकीच्यांना संभाजीनगर आणि जळगावची दुकानं, आणि तिथं न मिळाल्यास मुंबईतल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या भागांचा बाजार.

भाग मागताना ‘सुमोचा क्लच’ एवढं सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. चॅसिस नंबर, वर्ष आणि जुन्या भागावरचा क्रमांक लिहून न्यावा. फिल्टर, ब्रेकचे भाग आणि बेअरिंग यांत नकली मालाशी तडजोड करू नये. आरसा, बंपर, दाराचं हँडल यांत जुना किंवा बिनकंपनीचा भाग चालतो. ब्रेकचा जुना भाग कधीच चालत नाही.

आपल्या जिल्ह्याला एक वेगळं बळ आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग घडवणारे कितीतरी उद्योग उभे राहिले. लेथवर बुश कातून देणारा, शाफ्ट सरळ करणारा कारागीर जिल्ह्यात सापडतो, तो या वातावरणातून.

भागांचा प्रश्न कायद्याच्या दारातही गेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देता ग्राहकाला स्वतःच्या वर्कशॉपशी बांधून ठेवणं, हा ठपका होता. त्यावर पुढे अपिलं झाली, पण मुद्दा नोंदला गेला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच गाडीच्या दुरुस्तीची माहिती खुली करण्याच्या बाजूनं कौल दिला. आपल्या केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वाहनं व शेतीची अवजारं ही दोन्ही क्षेत्रं तिच्या विषयांत घेतली. घाटाखालच्या शेतकऱ्याशी थेट संबंध असलेला हा विषय आहे. त्यावर ग्रामीण भागातून आवाज उठायला हवा.

कागदपत्रं आणि कायदा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० करण्यात आलं. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेला निर्बंध ऐकून अनेक जण धास्तावतात. तसा सरसकट नियम महाराष्ट्रात नाही. पीयूसी मात्र कायम चालू हवी. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी काढावी लागते.

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. छत कापणं, दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं हे त्यात मोडतं. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवायचं तरी आरटीओत नोंद हवी.

आणखी एक बदल लक्षात घ्यावा. पूर्वी सरकारी खात्यांच्या जुन्या जीप लिलावात निघायच्या आणि गावाकडे त्यांना दुसरं आयुष्य मिळायचं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे चालू राहत नाही. त्या भंगारात काढाव्या लागतात. जुन्या, साध्या इंजिनाच्या गाड्यांची ती वाट आता बंद झाली आहे. हातात आहे ती गाडी सांभाळण्याचं मोल त्यानं वाढलं.

धूर, सुरक्षा आणि सांडलेलं ऑईल

जुन्या गाडीच्या बाजूनं बोलताना तिचे दोष लपवून चालणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. जुनं इंजिन कितीही नीट ठेवलं तरी ते आजच्या बीएस-६ गाडीइतकं स्वच्छ होत नाही. पण नीट ठेवलेलं आणि दुर्लक्षित यांच्या धुरातही मोठा फरक असतो, आणि तो फरक फिल्टर, नोझल आणि टॅपेट सेटिंग इतक्या साध्या गोष्टींत आहे. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात. तिथं पर्यटकांच्या गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबवून पुढचे ४ किलोमीटर बसनं नेतात. लेण्यांतल्या चित्रांना धुरापासून जपायचं हे आपण मान्य केलंय. शाळेसमोर उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवून मुलांच्या छातीलाही तेवढंच जपावं.

सुरक्षेतही मर्यादा आहेत. एबीएस आणि एअरबॅग नव्या गाड्यांत २०१९ नंतर टप्प्याटप्प्यानं सक्तीच्या झाल्या. जुन्या सुमोत त्या पान्यानं बसवता येत नाहीत. म्हणून सीटबेल्ट शाबूत ठेवणं, मागच्या सीटवरही लावणं आणि वेग आवरणं हाच उपाय.

आणि काढलेलं ऑईल. वापरलेलं इंजिन ऑईल कायद्यानं घातक कचरा आहे. विहिरीजवळ, नाल्यात किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात ओतलेलं थोडंसं ऑईलही लाखो लिटर पाणी नासवू शकतं. ते कॅनमध्ये साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोचेल अशा गॅरेजला द्यावं. स्वतः ऑईल बदलणाऱ्याची जबाबदारी डबा भरण्यावर संपत नाही.

मग निष्कर्ष काय

घरच्या देखभालीनं गॅरेज संपत नाही आणि संपूही नये. मालक तेल, हवा, पाणी, वीज आणि ग्रीस सांभाळतो, तेव्हा मिस्त्रीकडे गाडी वेळेत आणि नेमक्या तक्रारीसह पोचते. त्याचं खरं कौशल्य जिथं लागतं तिथं त्याचा वेळ जातो, आणि त्याची मजुरीही मग घासाघीस न करता द्यावी.

त्यासाठी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली घरात: गाडीत एक वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, भागाचा क्रमांक, काय आवाज येत होता. ही वही गाडी विकताना, नूतनीकरणाला जाताना आणि मुलाच्या हाती किल्ली देताना सारखीच कामी येते. दुसरी तालुक्यात: आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. जिथं तो आहे तिथं मालकांसाठी, चालकांसाठी आणि घरातल्या बायकांसाठी रविवारचे छोटे वर्ग घ्यावेत. चाक बदलणं, हवा काढणं, कूलंट, बॅटरी आणि घाट उतरण्याची शिस्त एवढंच शिकवलं तरी पुरे. गावोगावचे अनुभवी मिस्त्री तिथं मानधन देऊन बोलवावेत. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही, आणि त्यांची मुलं आता याच धंद्यात येतीलच असं नाही.

जुनी गाडी ठेवायची की नाही, याचं उत्तर चॅसिस देतं. चॅसिस गंजून सडलं असेल, किंवा ब्रेक आणि स्टिअरिंगचे खात्रीचे भाग मिळेनासे झाले असतील, तर ती गाडी मन घट्ट करून काढावी. चॅसिस भक्कम आहे, भाग मिळताहेत, पीयूसी पास होते आणि मालक दर महिन्याला एकदा तिच्याखाली आडवा होतो, तर ती गाडी आणखी बरीच वर्षं निर्धोक चालू शकते. नवी गाडी घेण्याची ऐपत नसणं ही लाजेची गोष्ट नाही. बिघाड माहीत असताना माणसं भरून घाट उतरणं, ही आहे.